शर्तींचा रकाना

१२ जून २०२४, मिरज
भाचीचा निकाह ठरला. मुलगा इचलकरंजीचा, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघतो. मोहरमचा महिना नको, सफरचा नको, म्हणून तारीख सप्टेंबरातली. भावाने फोनवर हॉल, पाहुणे, बिर्याणीच्या देगा, सगळं सांगितलं. मी विचारलं, निकाहनाम्यात काय लिहिणार? "आपा, ते काझीसाहेब लिहितात की. आपल्याला काय करायचंय त्यात?"

१४ जून
जमातीच्या कार्यालयातून निकाहनाम्याचा कोरा फॉर्म आणला. एकच पान. दुल्हा, दुल्हन, वकील, दोन गवाह, मेहर, सह्या. मेहरच्या खाली एक ओळ आहे: शर्ती. जुनं रजिस्टर बघू का म्हटलं, तर नको म्हणाले नाहीत. पानामागून पान उलटलं. मेहरचा आकडा बदलतो, गवाहांची नावं बदलतात. शर्तींपुढे प्रत्येक ठिकाणी आडवी रेघ.

१७ जून, बकरीद
पुरुष नमाजला गेले. आम्ही स्वयंपाकघरात. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बायकांना नमाजाआधी वुजू करायला, हातपाय धुवायलाही जागा नाही. पुण्याच्या एका जोडप्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की स्त्रियांना मशिदीत नमाज पढू द्या. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने आधी २०२० मध्ये आणि मग २०२३ मध्ये लिहून दिलं की स्त्रीला मशिदीत यायला इस्लामची मनाई नाही. मनाई नाही, हे लेखी आहे. नळाची तोटी मात्र कुणी बसवली नाही. मदिनेत पैगंबरांच्या मागे बायका उभ्या राहत, हे आम्हाला मदरशात कुणी शिकवलं नव्हतं. वाचून कळलं, तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते.

१९ जून
अम्मीला विचारलं, तुझा मेहर किती होता? "सातशे शहाऐंशी." मिळाला? ती गप्प.
मग स्वतःच सांगू लागली. अब्बांचा जनाजा अंगणात ठेवलेला. बायकांनी तिला धरून पुढे आणलं. "मेहर बख्श दो, मय्यत पर बोझ रहेगा." तिने मान हलवली. पुरुषांनी जनाजा उचलला.
सूरह निसाची चौथी आयत: स्त्रियांना त्यांचा मेहर खुशीने द्या, त्यांनी आपखुशीने त्यातलं काही सोडलं तरच ते तुमचं. आपखुशीने. नवऱ्याच्या प्रेतासमोर, पदर तोंडात धरून उभ्या असलेल्या बाईची ती खुशी? देणं अब्बांचं होतं. ते फेडायला त्यांना अख्खं आयुष्य मिळालं होतं. ते बुडवायचा भार मात्र अम्मीच्या मानेवर आला.

२० जून
रात्री झोप नाही. माझं कपाट उघडलं. माझ्या निकाहनाम्याची प्रत नाही. होती की नव्हती, तेही आठवत नाही. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. माणूस चांगला होता, म्हणून कागद लागला नाही. माणूस चांगला निघणं हे नशीब. नशिबावर भाचीला पाठवायची नाही.

२३ जून
भाची आली. सांगलीत औषधाच्या दुकानात नोकरी, बुरखा घालूनच जाते. स्कूटरची चावी अजून हातात. मी फॉर्म पुढे ठेवला. "फुफी, हे लिहिलं तर लग्न मोडेल." मी म्हटलं, मोडलं तर आत्ता मोडलेलं बरं. ती चिडून गेली.

२४ जून
भाचीचा मेसेज: "काय काय लिहिता येतं?"

२६ जून
मुंबईच्या एका कॉलेजने हिजाबला बंदी घातली होती. मुली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, आज त्यांची याचिका फेटाळली. मी आयुष्यभर बुरखा घातला नाही. त्यासाठी घरात, गल्लीत, शाळेतही बोलणी खाल्ली. पण वर्गाच्या दारात मुलीच्या डोक्यावरचा कपडा काढायला लावणं मला सहन होत नाही. १९८२ मध्ये जळगावात जमातीने फतवा काढला होता, मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचं नाही. रझिया पटेल आणि तिच्या मैत्रिणी त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. दोन्हीकडे बाईच्या वतीने तिसराच ठरवतो. बाई सिनेमाला जाईल की नाही, कॉलेजात डोकं झाकून जाईल की उघडं, हे तिला विचारा.
भाचीचा बुरखा मला आवडत नाही. तो तिचा आहे.

३ जुलै
लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी तहसीलबाहेर ही रांग. मी दोन-चार जणींचे अर्ज भरून दिले. शेजारच्या गल्लीतली एक आली. नवरा पुण्यात, दुसरं घर केलं आहे. तलाक दिलेला नाही. २०१९ च्या कायद्याने एका दमात तीन तलाक म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे. तो शहाणा झाला, काहीच म्हणाला नाही, नुसता निघून गेला. अर्जात वैवाहिक स्थितीचा रकाना. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता. ती कितीतरी वेळ कागदाकडे बघत होती. "विवाहित लिहा," म्हणाली. "पोरी मोठ्या झाल्यात."
१९३९ चा कायदा आहे. दोन वर्षं खर्च दिला नाही तर बायको कोर्टात निकाह रद्द करून घेऊ शकते. तिला सांगितलं. "कोर्टात जायला रजा कोण देणार?" ती मसाल्याच्या कारखान्यात आहे.

१० जुलै
सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तलाक झालेली मुस्लिम स्त्री पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दाद मागू शकते, १९८६ चा कायदा तिला अडवत नाही. न्यायमूर्ती नागरत्ना आणि मसीह. ते कलम याच महिन्यापासून नव्या संहितेत १४४ झालं आहे. आकडा बदलला, बाईचं पोट तेच.

११ जुलै
शाहबानो डोक्यातून जात नाही. इंदूरची. साठी ओलांडलेली, पाच मुलांची आई. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली. तेवढ्यासाठी नवरा दिल्लीपर्यंत गेला. २३ एप्रिल १९८५ ला निकाल तिच्या बाजूने लागला. मग मोर्चे, सभा, पुढच्या वर्षी तो १९८६ चा कायदा. कायदा व्हायच्या आधीच तिने जाहीर केलं की मला तो निकाल नको. शेजारी, नातलग, मौलवी, सगळे तिच्या दारात उभे होते. तिला भित्री म्हणणाऱ्यांनी एकदा त्या दाराच्या आत बसून बघावं.

१७ जुलै
आशुरा आणि आषाढी एकाच दिवशी. सकाळी रेडिओवर अभंग, दुपारी गल्लीत शरबत. कडेगावला ताबुतांच्या भेटी बघायला भाऊ गेला. मी घरी वाचत बसले.
करबलाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या. इमाम हुसेनच्या मुलीची ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती: इतिहासकार लिहितात की सुकैनाने निकाहात शर्ती घातल्या होत्या, त्यात नवऱ्याने दुसरी बायको करू नये ही एक. अभ्यासक फातिमा मर्निसीने तिच्यावर लिहिलं आहे. ट्युनिशियात कैरवान शहराच्या निकाहांमध्ये अशी शर्त घालायची जुनी चाल होती. त्याच देशाने १९५६ मध्ये दुसरं लग्नच कायद्याने बंद केलं.
आणि सुरत! सतराव्या शतकातले सुरतेचे निकाहनामे अभ्यासकांनी वाचले आहेत. चार शर्ती: दुसरी बायको नाही, मारहाण नाही, खर्च दिल्याशिवाय लांब मुदतीसाठी निघून जाणं नाही, रखेल नाही. त्या काळातल्या व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या बायका हे लिहून घेत होत्या. आमच्या रजिस्टरात रेघ.

२० जुलै
सूरह निसा, आयत ३४. दर वेळी इथे अडखळते. न ऐकणाऱ्या बायकोला आधी समजवा, मग बिछाना वेगळा करा, मग 'मारा'. काही भाषांतरकार म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ वेगळं होणं असाही आहे. अभ्यासक अमीना वदूद तर सरळ म्हणते की काही ठिकाणी आपल्याला 'नाही' म्हणावं लागतं. मी अरबी जाणत नाही, शब्दावर वाद घालणार नाही. पण पैगंबरांनी कधी बाईवर हात उचलला नाही, हे त्यांच्या पत्नी आयेशाच्या तोंडचं आहे. पुढचीच आयत म्हणते, भांडण झालं तर एक पंच नवऱ्याकडचा, एक बायकोकडचा बसवा. ३४ सगळ्यांना पाठ. ३५ कुणाला? भाचीच्या कागदात ३५ घालायची.

२३ जुलै
अर्थसंकल्पात सोन्याचांदीवरचा आयातकर उतरला. भाऊ खुशीत. "भाव पडला, आपा, दागिने होऊन जातील." जहेजची यादी वाचून दाखवली. कपाट, फ्रिज, दिवाण, मोटरसायकल. भावजय म्हणाली, त्यांनी काही मागितलेलं नाही, आपल्या खुशीचं आहे.
भाची तिथेच होती. "अब्बा, हे कुठल्या किताबात आहे?"
कुणी उत्तर दिलं नाही.
"मला फ्रिज नको. वरची खोली माझ्या नावे हिबा करा."
भाऊ उठून बाहेर गेला. मी तिला हे शिकवलेलं नाही. सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही.

२४ जुलै
भावाचा फोन. "हे तुम्हीच भरवलंय तिच्या डोक्यात."
अब्बा गेल्यावर याच घराच्या हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली होती. मुलीला मुलाच्या निम्मं, असं किताब सांगते. मला निम्मंही मिळालं नाही. त्याबदली ईदला साडी आणि माहेरपण. मोहल्ल्यात कुणाच्या बहिणीला वाटा मिळाला, आठवून बघते आहे. आठवत नाही. तलाकच्या वेळी शरियत, वाटणीच्या वेळी रिवाज. १९३७ चा शरियत कायदा झाला तेव्हा बायकांचा वारसा रिवाजाच्या तावडीतून सोडवणं हेही एक कारण सांगितलं होतं. त्यातून शेतजमीन वगळली.

२५ जुलै
पाऊस थांबत नाही. सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी इशारा पातळीकडे. घाटावरची माणसं हलवताहेत. शाळेत सतरंज्या, चादरी नेऊन दिल्या. निकाहाचं बोलणं बंद.

४ ऑगस्ट
मौलानांकडे गेले. तरुण आहेत, देवबंदला शिकून आलेले, आदराने बसवलं. कागद पुढे ठेवला. मेहर निकाहाच्या दिवशीच रोख किंवा सोन्यात. नोकरी चालू राहील, पगार तिचा. वाद झाला तर दोन्हीकडचे पंच. आणि तलाक-ए-तफवीज: नवऱ्याने दुसरं लग्न केलं, मारलं किंवा वर्षभर खर्च दिला नाही, तर तलाकचा अधिकार तिच्या हाती.
ते वाचत राहिले. "आपा, जायज आहे. रिवाज नाही."
मी मौलाना अशरफ अली थानवींचं नाव काढलं. इंग्रजांच्या काळात पंजाबात बायका वाईट नवऱ्यापासून सुटायला धर्मच सोडू लागल्या, कारण हनफी धर्मशास्त्रात त्यांना दुसरी वाट जवळजवळ नव्हती. तेव्हा थानवीसाहेबांनी किताब लिहून तफवीजची वाट दाखवली. १९३९ चा कायदा त्याच धडपडीतून आला. मौलानांचा चेहरा उजळला. "ती किताब माझ्याकडे आहे." उठून काढली. पान शोधलं. मोठ्याने वाचलं.
बांगलादेशात आणि पाकिस्तानात छापील निकाहनाम्यात अठरावा रकाना याचाच आहे: नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला दिला का? तिकडेही पुष्कळदा वधूला न विचारताच तो खोडतात. पण तिथे प्रश्न छापलेला असतो. आपल्याकडे तोही नाही.
मौलाना म्हणाले, मुलाकडचे राजी असतील तर मी लिहीन. मी सांगितलं, मुलीलाही विचारा, पडद्याआडून फक्त 'कबूल है' नको. त्यांनी मान डोलावली.

९ ऑगस्ट
त्या मुंबईच्या कॉलेजच्या हुकुमाला सर्वोच्च न्यायालयाची अंशतः स्थगिती. हिजाब चालेल, वर्गात बुरखा नाही. भाचीला सांगितलं. ती औषधांच्या बिलात गुंतली होती. "बरं झालं," म्हणाली आणि फोन ठेवला.

१५ ऑगस्ट
लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले, आता धर्मनिरपेक्ष नागरी संहिता हवी. संध्याकाळपर्यंत मला तिघांचे फोन. तुमचं काय मत? मला समान हक्क हवेत, आजच हवेत. मात्र मसुदा दाखवा. त्यात शेजारच्या गल्लीतल्या त्या बाईला काय मिळणार ते दाखवा. हिंदू बहिणीला काय मिळणार तेही दाखवा. तिच्याही हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. मुसलमान बाईचा कळवळा सांगणाऱ्याच्या गावात तिला भाड्याने खोली मिळते का, हे मी आधी विचारते. आणि पर्सनल लॉ बोर्डाचे लोक 'धर्मात दखल' म्हणून ओरडतात, तेव्हा त्यांना विचारते, इतकी वर्षं रेघ कोण मारत होतं?

२२ ऑगस्ट
२०१७ मध्ये याच तारखेला तीन विरुद्ध दोन मतांनी एकदम दिलेला तीन तलाक घटनाबाह्य ठरला. अर्जदार शायरा बानो, काशीपूरची. तिच्यासोबत आणखी बायका आणि संघटना.
त्याआधी कितीतरी वर्षं, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. मागण्या: तोंडी तलाक बंद करा, दुसरं लग्न बंद करा. फक्त सात. दलवाई मिरजोळीचे, चिपळूणजवळचे, आपल्याच मराठीत लिहिणारे. त्यांचं नाव घेतलं की आमच्या मोहल्ल्यात अजून खिडक्या लागतात. त्यांच्या धर्मविचाराशी माझं जमत नाही. मी पाच वेळची नमाजी. पण त्या सात बायकांची नावं शाळेच्या पुस्तकात हवीत. मी चौथीला इतिहास शिकवला, माझ्या पुस्तकात नव्हती.

२५ ऑगस्ट
इचलकरंजीकर आले. मुलाचे वडील कागद वाचून म्हणाले, "विश्वास नाही का आमच्यावर?" भाऊ खाली बघत होता. मुलगा म्हणाला, मेहर ठीक, नोकरी ठीक, पंच ठीक. तफवीज नको. दोस्त हसतील.
भाची आतून बाहेर आली. असं आमच्यात होत नाही. म्हणाली, "दुसरं लग्न करायचंय का तुम्हाला?" "नाही." "मारायचंय?" "नाही." "मग दोस्तांना दाखवू नका कागद."
चहा थंड झाला. उत्तर कळवतो म्हणाले.

१ सप्टेंबर
उत्तर नाही. भावजय रडते. लोगां क्या बोलेंगे.

३ सप्टेंबर
अम्मी म्हणाली, "शर्तींमुळे मोडलं तर मोडू दे." ही अम्मी!

८ सप्टेंबर
समोरच्या चौकात गणपती, रात्रभर आरत्या. इचलकरंजीहून फोन. दुसरं लग्न आणि वर्षभर खर्च न देणं, या दोन कारणांवर तफवीज कबूल. मारहाणीचा उल्लेख नको, खानदानाला कमीपणा येतो म्हणे. भाचीने रात्रभर वेळ मागितला.

९ सप्टेंबर
ती म्हणाली, मारहाणीचं लिहिल्याशिवाय सही करणार नाही. "बाकीचं एक वेळ सोडेन फुफी, हे नाही." दुकानात रोज बायका येतात, मलम मागतात, न्हाणीघरात पडले म्हणतात.

११ सप्टेंबर
मौलाना स्वतः इचलकरंजीला जाऊन आले. काय बोलले, सांगितलं नाही. मारहाणीची शर्त कबूल. पगार तिचा, हे वाक्य गेलं. 'नोकरी चालू राहील' एवढंच उरलं. मला ते लागलं. भाचीला लागलं नाही, किंवा तिने दाखवलं नाही. मौलाना म्हणाले, बायकोच्या कमाईवर नवऱ्याचा हक्क शरियतमध्ये नाहीच, लिहायची गरज नाही. गरज नाही म्हणत म्हणतच तर रेघा पडल्या.

२२ सप्टेंबर
निकाह झाला. मौलाना दाराशी येऊन थांबले, दोन गवाहांच्या देखत शर्ती एकेक करून मराठीत वाचल्या. भाचीने तीनदा कबूल म्हटलं, मग स्वतः वाचून सही केली. मेहर अडीच तोळे, तिथेच तिच्या हातात. जहेजमध्ये कपाट गेलं. फ्रिजही गेला. भावजयीने ऐकलं नाही.

२६ सप्टेंबर
जमातीच्या कार्यालयात जाऊन शिक्क्याची प्रत घेतली. एक भाचीकडे, एक माझ्याकडे. क्लार्कने विचारलं, त्याच्या बहिणीचा निकाह नोव्हेंबरात आहे, कागदाचा नमुना मिळेल का? दिला.

२९ सप्टेंबर
शेजारच्या गल्लीतलीला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले होते. फुकट वकील मिळतो. अर्ज दिला आहे. पुढच्या महिन्यात तारीख. कारखान्यात तिची रजा मी मागणार.
वरच्या खोलीचा हिबा झालेला नाही. भावाला आज पुन्हा विचारलं. दिवाळीनंतर बघू म्हणाला.